एकाच दाराने आत

रस्त्यावर राहणारं कुटुंब निवाऱ्यात यायला नकार देतं तेव्हा बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. डोक्यावर छप्पर मिळतंय, नळाला पाणी आहे, मध्यरात्री कुणी काठी आपटून उठवणार नाही, मग अडतंय कुठे? मी मुंबईत बेघर कुटुंबांसोबत काम करते आणि मला या नकाराचं मुळीच नवल वाटत नाही. निवारे पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, मुलांचे वेगळे. म्हणजे नवरा एकीकडे, तान्ह्या मुलीला घेऊन बायको दुसरीकडे आणि मिसरूड फुटू लागलेला थोरला तिसरीकडे. उड्डाणपुलाखाली निदान सगळे एका ताडपत्रीखाली असतात. आईचा डोळा लागला की बाप जागा असतो, बापाचा लागला की आई. ही एकमेकांची राखण सोडून छप्पर घ्यायला ती माणसं तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

सगळ्या घराला एकत्र घेणारे निवारे शहरात फार थोडे. अशाच एका ठिकाणी माझं काम चालतं. कागदावर मी केस वर्कर, बायकांसाठी ताई. माझ्या वाट्याला काही कुटुंबं असतात आणि त्यांची राहण्याची मुदत संपायच्या आत त्यांचे कागद, मुलांची शाळा, आजारपणं, बचत आणि पुढची खोली, एवढं सगळं मार्गी लावायचं असतं.

2011च्या जनगणनेत देशभरात सुमारे 17.7 लाख बेघर मोजले गेले, त्यांतले सुमारे 57 हजार बृहन्मुंबईत. ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. रात्री रस्त्याने हिंडलेल्या माणसाला ठाऊक असतं की अशा मोजणीत किती जण सुटतात. दिवसा फूटपाथवर चूल मांडून बसलेलं बिऱ्हाड रात्री बंद दुकानाच्या पायरीवर, हातगाडीवर, टपरीच्या आडोशाला विखुरलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असा एक निवारा असावा असं सांगितलं. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तेच प्रमाण धरलं, माणशी किमान 50 चौरस फूट जागा ठरवली आणि कुटुंबांसाठी स्वतंत्र निवाऱ्यांची तरतूदही लिहून ठेवली. 2011चीच लोकसंख्या धरली तरी बृहन्मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे कधीच झाले नाहीत.

आमच्या निवाऱ्यात आलेल्या कुटुंबासमोर मी लगेच फॉर्म काढून बसत नाही. आधी अंघोळी होऊ देते, लहानग्यांचा खोकला बघते, म्हातारीला पायऱ्या चढवतात का ते पाहते. मग केव्हातरी बाई आपणहून पिशवी पुढे करते. तांदळाच्या गोणीत दुधाची पिशवी, दुधाच्या पिशवीत घड्या घालून घालून चिंध्या झालेले कागद. ही पिशवी शाबूत असणं हेच मोठं नशीब. अतिक्रमण हटवणारी गाडी येते तेव्हा गाठोडी, भांडी, पांघरुणं एकदम उचलून टाकली जातात आणि त्यांतच आधार कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, मुलांचे दाखले जातात. भांडी महिनाभरात पुन्हा जमतात. कागद जमायला वर्षं जातात.

एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. मूळ सोलापूरकडचं, बाप नाक्यावर उभा राहून बिगारी करणारा, आई सिग्नलवर गजरे विकणारी, तीन मुलं आणि सासू. थोरली मुलगी गावाकडे शेतातल्या खोपटात जन्मली, तिची नोंदच नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून होत नाही. त्यासाठी पुरावे, प्रतिज्ञापत्र, गावी खेपा, आणि प्रत्येक खेपेला बुडालेली मजुरी. मधला मुलगा शहरातल्या रुग्णालयात जन्मला, नोंदही झाली, पण आईचं नाव तिथे माहेरचं लागलं आणि तिच्या आधार कार्डावर सासरचं. धाकटीचा दाखला ठीक, पण आधार नाही. एका पोटची तीन भावंडं आणि तिघांसाठी तीन निरनिराळी कार्यालयं.

थोरलीला घेऊन आम्ही शाळेत गेलो. जन्मदाखला आणा, असं उत्तर मिळालं. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, आणि त्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. मी त्या पानाची प्रत पिशवीत ठेवते. ती दाखवली, शाळेतल्या बाई वाचत राहिल्या आणि पोरीचं नाव पटावर चढलं. ज्या आईबरोबर असा कागद घेऊन जाणारं कुणी नसतं ती पहिल्या उत्तराला मान डोलावून परत फिरते. केस वर्करची गरज का, असं मला विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. हक्क कायद्यात आहेत, पण खिडकीपाशी त्या बाईच्या शेजारी उभं राहणारं माणूस लागतं.

आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं पत्र चालतं. ही मोठी सोय आहे, पण कुटुंब बाहेर पडलं की तो पत्ताही मागे राहतो. मला सगळ्यांत माणुसकीचा वाटतो तो निवडणूक आयोगाचा नियम. बेघर माणसाने मतदार नोंदणीच्या अर्जात जिथे झोपतो ती जागा लिहायची. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकापेक्षा अधिक रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघायचं. झोपत असेल तर पत्त्याचा दुसरा पुरावा मागायचा नाही. सरकारने माणसाकडे चालत जायचं, तेही त्याच्या वेळेला. रेशनकार्डाचं, बँक खात्याचं काम याच रीतीने झालं असतं तर माझ्या कामाचा निम्मा भार हलका झाला असता.

आमच्याकडे येणाऱ्यांतली कित्येक कुटुंबं पारधी आहेत. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्या जमातींवरचा तो शिक्का 1952 मध्ये कायद्याने पुसला. पोलिसांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. परिसरात चोरी झाली की आधी यांच्या ताडपत्र्या उचकटल्या जातात. जातीचा दाखला मागायला जावं तर 1950च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. ज्यांच्या आजोबाला कुणी गावकुसाजवळ मुक्काम करू दिला नाही, त्यांनी तो कुठून आणायचा?

निवारा कुठे आहे यावरही बरंच ठरतं. गजरेवालीला पहाटे दादरच्या फुलबाजारात पोचायचं असतं. शहराच्या टोकाला कितीही स्वच्छ इमारत दिली तरी ती आठवड्यात पुलाखाली परतेल. 1985 मध्ये ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखलं होतं. फूटपाथवरची माणसं पोटासाठी तिथे राहतात आणि जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्या निकालाने मान्य केलं. त्याच निकालाने त्यांना हटवायलाही परवानगी दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. निकालाचे हे दोन्ही भाग रस्त्यावरच्या माणसांनी त्यानंतर भोगले आहेत.

मुदत संपत आली की खोलीचा शोध सुरू होतो. डिपॉझिट, दलालाचे पैसे, अकरा महिन्यांचा करार. बचत गटात थेंबाथेंबाने साठवलेली रक्कम एका तापाने किंवा पावसाने बंद पडलेल्या बिगारीच्या एका महिन्याने जाते. आणि हे सगळं जमून खोली मिळालीच, तर त्या दिवशी फाइलवर शेरा पडतो: पुनर्वसन झालं. मला या शेऱ्याची फार चीड आहे. खरा कसोटीचा काळ तिथून पुढे सुरू होतो. पहिलं भाडं थकतं, खोलीमालक आवाज चढवतो, मुलांची शाळा लांब पडते, सासूच्या गोळ्यांचा दवाखाना बदलतो. सोलापूरकडच्या त्या कुटुंबाची तीनही मुलं शाळेत गेली, थोरलीचा जन्मदाखला बऱ्याच खेपांनी हातात आला, आणि तरी तिसऱ्या महिन्याचं भाडं चुकल्यावर ती सगळी पुन्हा पुलाखाली जाऊ बघत होती. आम्ही भेटी चालू ठेवल्या होत्या म्हणून कळलं. मालकाशी बोलून भाडं दोन हप्त्यांत देण्याची सवलत घेतली आणि खोली टिकली. या भेटींसाठी ना वेगळं माणूस मंजूर आहे, ना प्रवासखर्च. खोलीत गेल्यानंतर किमान वर्षभर त्याच कार्यकर्तीने त्याच घरी जात राहणं हा निवारा योजनेचाच भाग धरला पाहिजे, आणि एका कार्यकर्तीकडे आवाक्यात राहतील एवढीच कुटुंबं दिली पाहिजेत.

वाचणाऱ्यांपैकी कुणी शाळेत असेल, तर दाखल्याविना आलेल्या मुलाचं नाव पटावर घाला, कायदा तुमच्या पाठीशी आहे. कुणी कारवाईच्या गाडीबरोबर जात असेल, तर गाठोडं उचलण्याआधी कागदांची पिशवी त्या बाईच्या हातात द्या. आणि बाकीच्यांनी आपल्या वॉर्डात आईबाप आणि मुलांना एकत्र ठेवणारा निवारा आहे का, हे विभाग कार्यालयात जाऊन विचारा. नसेल तर लेखी मागणी करा आणि अर्जाची पोच घ्या.