रिकामा उभा

निवृत्तीनंतर माणसाने नातवंडांचे खेळ कौतुकाने पाहावेत, पण त्यांत बोट घालू नये, असे आमच्या सौ.चे मत आहे. मीही ते बरेच दिवस पाळले. भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षे जोडणीच्या लाइनवर काढल्यावर मोशीतल्या या पाचव्या मजल्यावर खुर्ची टाकून बसावे आणि खाली नाशिक रस्त्यावर अडकलेल्या गाड्या मोजाव्यात, एवढाच माझा कार्यक्रम. पण गेल्या दिवाळीत माझ्या मुदतठेवीतले ४० हजार रुपये त्या खेळात गेले आणि बोट घालण्याचा थोडाफार हक्क मला आपोआप प्राप्त झाला.

त्याचे असे झाले. नातू डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला संगणकावर मोटारी पळवण्याचा नाद. संगणक त्याच्या वडिलांचा, जुना. "आजोबा, नुसतं ग्राफिक्स कार्ड नवं टाकलं की चित्र कसं झुळझुळ पळेल बघा!" असे म्हणून त्याने मला पटवले. पाडव्याला कार्ड आले. ओवाळणीचे निरांजन अजून तेवत होते तोवर पठ्ठ्याने ते बसवलेसुद्धा.

मोकळ्या हमरस्त्यावर गाडी झकास पळाली. कोपऱ्यात आकडा दिसत होता ६०, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे. पण गाडी शहरात शिरली, माणसे नि वाहने दिसू लागली, की आकडा धाडकन ३० वर. बाहेर पडली की पुन्हा ६०. पन्नास नाही, चाळीस नाही, एकदम निम्मे! माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही ते हिसके डोळ्यांना जाणवले.

नातवाचा चेहरा उतरला. मग तो चिडला. "कामचोर कार्ड आहे हे! बघा, चाळीस टक्केसुद्धा काम करत नाही, नुसतं उभं राहतं. उद्या दुकानदाराला परत करतो आणि वरचं मॉडेल आणतो. आणखी वीस हजारच लागतील, आजोबा."

वीस हजारांनी मी दचकलो हे खरे. पण त्याहून जास्त दचकलो तो त्या एका शब्दाने. त्याचे कारण पुढे सांगतो.

"बोट घालायचं नाही हं," स्वयंपाकघरातून आवाज आला. मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

आमच्या घरी १९८२ साली, एशियाडच्या वेळी, पहिला टीव्ही आला. वाचकांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना त्याच्या पाठीमागची 'व्हर्टिकल होल्ड'ची खुंटी आठवत असेल. चित्र बिनसले की जिन्याने चढल्यासारखे वर वर पळत सुटायचे. मग घरातल्या कर्त्या पुरुषाने मागे जाऊन त्या खुंटीचा कान पिळायचा आणि बाकीच्यांनी पुढून ओरडायचे, "थांबलं! नाही, पुन्हा निघालं!" केंद्राकडून येणारा ताल आणि आपल्या खोक्याचा ताल जुळला की चित्र ठरायचे. नातवाच्या खेळातला 'व्ही-सिंक' हा त्याच कुळातला आहे, हे मला त्याच्याकडूनच कळले. पडदा सेकंदाला ६० वेळा वरून खाली नव्याने रंगतो. म्हणजे दर १६.६७ मिलिसेकंदांनी एकदा. तो अर्धा रंगला असताना मध्येच नवे चित्र घुसले, तर वरचा अर्धा भाग जुना आणि खालचा नवा, असे फाटलेले चित्र दिसते. ते टाळण्यासाठी व्ही-सिंक चालू करायचा. मग तयार झालेले चित्रही पडद्याची पुढची पाळी येईपर्यंत थांबते.

"आणि पाळी चुकली तर?" मी विचारले.

"तर पुढच्या पाळीला," तो म्हणाला.

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. आमच्या लाइनवर दर ६० सेकंदांनी एक ट्रॉली समोरून जायची. काम ६० च्या आत झाले तर नग ट्रॉलीवर चढला. ७२ सेकंद लागले, तर ती ट्रॉली मोकळी गेली आणि नग चढला दुसरीवर, म्हणजे १२० सेकंदांनी. टेबलावर जागा एकाच नगाची; तो उचलला जाईपर्यंत पुढचा घेता येत नाही. बारा सेकंदांचा उशीर आणि उत्पादन निम्मे! नातवाचा ३० चा आकडा हाच. चित्राला १६.६७ ऐवजी २० मिलिसेकंद लागत असले, तर खरा वेग ५० चा असूनही पडद्यावर ३० च उमटणार. (काही खेळांत एक जादा चित्र ठेवायची सोय असते, तिला ट्रिपल बफरिंग म्हणतात, मग एवढी पडझड होत नाही. या खेळात ती नव्हती.)

"आधी तो ताल बंद कर," मी फर्मावले. त्याने केला. शहरात आकडा आला ५०. चित्र फाटत होते, पण खरा वेग उघडा पडला. कार्डाचे काम साठ टक्के. म्हणजे कार्ड अजूनही मोकळेच! मग चित्राची बारकाई १०८० ओळींवरून ७२० वर आणायला लावली. कार्डाचे काम आणखी हलके झाले, आकडा मात्र ५० वरून हलेना. कार्ड मंद असते तर ओझे उतरताच ते धावले असते. तेव्हा ते वाट पाहत होते, आणि वाट पाहायला लावणारा दुसराच कुणीतरी होता.

"पण प्रोसेसर तर चाळीस टक्केच भरलाय, आजोबा."

"सगळ्या कामगारांची सरासरी घेऊ नकोस. एकेक दाखव."

त्याने एकेका गाभ्याचा आलेख उघडला. त्यातला एक काठोकाठ भरलेला, बाकीचे रमतगमत. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कुठे वळणार, कुठली गाडी कुणाला आपटणार, याचा हिशेब करून 'आता हे काढ' असा हुकूम कार्डाला देणारा तो. बहुतेक ओझे त्या एकट्याच्या डोक्यावर. हुकूम आल्याशिवाय कार्डाने काढायचे तरी काय?

आता त्या शब्दाबद्दल. १९९६ साली आमच्या लाइनच्या पाचव्या स्टेशनवर मंचरच्या बाजूचा एक हंगामी मुलगा होता. हात चपळ. पण मी फेरीला गेलो की हा हाताची घडी घालून उभा! दोनदा बजावले, तिसऱ्यांदा मेमो दिला. त्यात माझ्या अक्षरात 'कामचोर' असे लिहिले होते. तो एवढेच म्हणाला, "साहेब, मागून नगच येत नाही." मी म्हटले, उलट उत्तर देऊ नकोस. महिनाअखेर त्याची मुदत संपली आणि ती वाढवली नाही. पुढे तीन आठवड्यांनी स्टॉपवॉच घेऊन मी लाइनवर उभा राहिलो, तेव्हा चौथ्या स्टेशनचे ड्रिलिंग मशीन ७२ सेकंद घेत असल्याचे निघाले. मशीन दुरुस्त झाले. मेमो फाइलमध्ये राहिला. मी कुणाला काही बोललो नाही. वरिष्ठांनी उत्पादन वाढवल्याबद्दल माझी पाठ थोपटली, ती मी थोपटू दिली.

नातवाला हे प्रथमच सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने खेळातली 'गर्दी' निम्मी केली आणि व्ही-सिंक पुन्हा चालू केला. शहरात गाडी शिरली. आकडा ६० वर चिकटून बसला. पुढे तो मला सांगत होता, की २०१३ साली एनव्हिडियाने जी-सिंक काढला, त्यात उलटा न्याय आहे. तिथे चित्र पडद्यासाठी थांबत नाही, पडदाच चित्रासाठी थांबतो. या कंपनीचे कार्यालय आपल्या पुण्यातही आहे म्हणे. मी ऐकत होतो, पण लक्ष नव्हते.

कार्ड परत गेले नाही. वीस हजार वाचले.

रात्री जेवताना त्याने विचारले, "आजोबा, त्यांना तुम्ही कधी सांगितलंत का? चूक मशीनची होती म्हणून?"

"नाही."

"गाव ठाऊक आहे?"

गाव ठाऊक होते. नावही. नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मग मंचर आणि तिथून आत. सौ.ने वाढता वाढता माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही.

"भाऊबीज झाल्यावर जाऊ," तो म्हणाला. "मी गाडी काढतो. पण पहाटे पाचला निघू. नंतर चाकणच्या चौकात अडकलो तर दुपार होईल."

मी घड्याळाला साडेचारचा गजर लावला.