पाणी बघायला जाऊ

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. रत्नागिरीच्या मुलाला सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न फारसा पडत नसावा. घराबाहेर पडावे, उताराने चालत सुटावे, की समुद्र समोर उभा. शिवाय तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, आणि तोही येईल तेव्हा खरा. आपल्या जिल्ह्यात पाणी एका जागी बसून राहत नाही. पावसाळ्यात ते एका ठिकाणी भेटते, हिवाळ्यात दुसऱ्या ठिकाणी, उन्हाळ्यात तिसऱ्याच ठिकाणी. कधी कधी तर कुठेच भेटत नाही. म्हणून बीडचा माणूस सहलीला निघाला, की तो बहुधा पाणी बघायला निघालेला असतो.

आमच्या घरी 'सहल' हा शब्द कोणी वापरत नसे. अब्बा म्हणत, "चला, पाणी बघून येऊ." त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि ते शुक्रवारी बंद असे. जवळ जायचे असेल तर जुम्म्याच्या नमाजनंतर निघायचे आणि दूर जायचे असेल तर शाळेची सुट्टी पाहून पहाटेची एस.टी. पकडायची. अम्मी चपात्या, ठेचा आणि उकडलेली अंडी कपड्यात बांधून देई. तयारी म्हणायची ती एवढीच.

आमचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. बीड शहरातून वाहणाऱ्या नदीला शाळेत 'बिंदुसरा' म्हणतात आणि आमच्या मोहल्ल्यात 'बेनसुरा'. दोन्ही नावे तिचीच. शहराच्या दक्षिणेला, पाली गावाजवळ तिच्यावर धरण आहे. धरण भरले की सांडव्यावरून पाणी पांढरे होऊन खाली घसरू लागते. त्याला बीडमध्ये 'चादर' म्हणतात. इतका नेमका शब्द कोणी शोधला असेल, याचे मला अजून नवल वाटते. चादर सुरू झाल्याची बातमी दुकानात सकाळीच पोचे आणि संध्याकाळी अर्धे शहर तिकडे लोटे. भाजलेली कणसे, भिजलेल्या सायकली, डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या बायका, आणि सगळ्यांची तोंडे पाण्याकडे. कोणी काही विशेष करत नसे. सगळे नुसते बघत.

२३ जुलै १९८९ रोजी हीच नदी शहरात शिरली. घरे गेली, माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होतो. त्यानंतरही अब्बा आम्हाला चादर बघायला नेत, पण आमचे हात सोडत नसत. "पाणी पाहुण्यासारखे असते," ते म्हणत. "त्याच्या जवळ बसावे, अंगावर चढू नये." परवा, सप्टेंबर २०२५ मध्ये, सिंदफणेला पूर आला आणि काठची शेते पाण्याखाली गेली, तेव्हा मला त्यांचे हे बोलणे आठवले.

पावसाळ्यातली दुसरी सहल माझ्या आजोळी, पाटोदा तालुक्यात असे. हा सगळा बालाघाटाचा डोंगराळ भाग. नाना शेतात काठीने चिखलावर नद्या काढून दाखवत. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पूर्वेकडे लातूर, बिदर असा लांबचा प्रवास करते आणि शेवटी गोदावरीला मिळते. सिंदफणाही इथलीच. ती उत्तरेकडे उतरते, वाटेत बिंदुसरेला सोबत घेते आणि माजलगाव तालुक्यातल्या मंजरथला गोदावरीला मिळते. विंचरणेचे मात्र निराळे. ती सौताड्याला कड्यावरून उडी घेते आणि सीना, भीमा अशा वाटेने कृष्णेकडे जाते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस, त्यातला थोडा गोदावरीचा, थोडा कृष्णेचा. दोन्ही नद्या अखेर बंगालच्या उपसागराला मिळतात. म्हणजे समुद्र आपल्याकडे येत नसला, तरी आपले पाणी नेमाने त्याच्याकडे जात असते.

सौताड्याचा धबधबा मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा नानांच्या शेजारचा, माझ्याच वयाचा मुलगा बरोबर होता. तो माझा सुट्टीतला दोस्त. दरीत रामेश्वराचे देऊळ आहे. तिथवर पायऱ्या उतरून गेलो. वरून पाणी कोसळत होते, अंगावर तुषार येत होते, मला बोलायला सुचत नव्हते. दोस्त मात्र शांत होता. मी विचारले, "आवडलं नाही का?"

"आवडलं की," तो म्हणाला. "पण मी याच्यापेक्षा लई पाणी बघतो. तिकडं कालवा वाहतो, दिवसरात्र."

'तिकडं' म्हणजे सांगली-कोल्हापूरकडे, कृष्णेच्या खोऱ्यात. त्याचे आईवडील ऊसतोडणीला जात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात. भांडी, अंथरुणे, कोंबड्या, म्हाताऱ्या, लेकरे, सगळे. ती परततात उन्हाळ्यात. दोस्तही पाच-सहा वर्षांचा असल्यापासून जात होता. पाचट गोळा करी, धाकट्या बहिणीला सांभाळी. पहाटे दोन-तीनला उठून मोळ्या वाहायला मदत करी. वाहते पाणी त्याने आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाहिले होते, पण ते बघायला म्हणून तो कधी गेला नव्हता.

तेव्हापासून मला एक गोष्ट खटकू लागली. आपल्या जिल्ह्याचे सगळ्यात देखणे दिवस पाऊस संपल्यावर येतात. तेव्हा डोंगर हिरवे असतात, तळी भरलेली असतात, हवा गार असते. आणि नेमके तेव्हाच दोस्तासारखी मुले जिल्हा सोडून जातात. ती परत येतात तेव्हा इथे फुफाटा उडत असतो.

त्या दिवसांत आम्ही धारूरला जात असू. धारूरचा किल्ला मोठा. आत पाण्याची टाकी आहेत, तटावरून बालाघाटाच्या रांगा दिसतात. खरे सांगायचे तर आम्हा मुलांचे लक्ष किल्ल्यापेक्षा रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडे असे. सीताफळ म्हणजे आपले शरीफा. बालाघाटाच्या खडकाळ उतारावर ते कोणी पाणी न घालता येते आणि तरी इतके गोड होते! २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या नावावर आता या मातीचा कायदेशीर हक्क आहे. कार्तिकात मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला यात्रा भरते. तिथे संत मन्मथस्वामींची समाधी आहे आणि शेजारीच धबधबा. दूरदूरहून लोक चालत येतात. तेव्हा धबधबा बारीक झालेला असतो, पण गर्दीला त्याचे काही वाटत नाही.

अंबाजोगाईला माझी खाला राहत असे. निजामाच्या काळात या गावाला मोमिनाबाद म्हणत. खाला शेवटपर्यंत तेच नाव वापरत होती आणि कंडक्टर बिनतक्रार अंबाजोगाईचे तिकीट देत. 'विवेकसिंधु' हा मराठीतला अगदी जुना ग्रंथ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी याच गावाबाहेर, दरीच्या काठी आहे. ग्रंथ इ. स. ११८८ चा मानतात. आम्ही मात्र तिथे वेळा अमावस्येसाठी जात असू. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर, धाराशिव आणि अंबाजोगाईकडचे लोक घराला कुलूप लावून शेतावर जातात. खालाचे शेजारी आम्हाला हटकून बोलावत. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आमच्यापैकी कोणी कमी जेवले तर शेजारच्या काकू खालाकडे तक्रार करत.

आणि मग हुरडा. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीच्या कणसात दाणे भरतात, पण वाळलेले नसतात. शेतातच खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव करायचा, त्यात कणसे भाजायची, गरम कणीस हातावर चोळायचे आणि हिरवे मऊ दाणे गूळ, दही, लसणाच्या चटणीबरोबर खायचे. सगळ्यांचे हात काळे होतात.

मी नववीत होतो, त्या वर्षी दोस्त ऊसतोडणीला गेला नाही. त्याची आजी पडली होती, तिचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. तिच्याजवळ कोणीतरी हवे म्हणून त्याला मागे ठेवले होते. जानेवारीत मी आजोळी गेलो, तर हा शेतात विस्तवाजवळ उकिडवा बसलेला. नाना कणीस चोळून त्याच्या ओंजळीत दाणे टाकत होते. त्याने खाल्ले आणि विचारले, "चाचा, ही ज्वारी कुठली?"

"कुठली म्हणजे? तुझ्याच बापाच्या बांधाशेजारची," नाना म्हणाले.

ही ज्वारी पेरताना तो दरवर्षी पाहत असे. ती भाकरी होऊन ताटात आलेली त्याला ठाऊक होती. मधला हुरडा त्याने पंधराव्या वर्षी पहिल्यांदा खाल्ला. त्या वर्षी तो शाळेतही सलग गेला आणि परीक्षेला बसला. पुढच्या दिवाळीत आजी चालायला लागली आणि तो पुन्हा ट्रकमध्ये चढला.

उन्हाळ्याच्या सहली थोड्याच. त्यातली न चुकणारी म्हणजे सोलापूर रस्त्यावरची खजाना बावडी. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधली. सरकारी खजिन्यात भरायचा पैसा त्याने या विहिरीवर खर्च केला आणि जाब विचारला तेव्हा 'खजिना विहिरीत ठेवला आहे' असे सांगितले, अशी दंतकथा आहे. विहीर फार खोल नाही. तिची करामत जमिनीखाली आहे. बोगद्यातून पाणी विहिरीत येते आणि दुसऱ्या बोगद्यातून केवळ उताराने शेतांकडे जाते. मोट नको, पंप नको. मोठ्या दुष्काळातही ती आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. एका मे महिन्यात दोस्त वडिलांबरोबर बीडला बाजाराला आला, तेव्हा अब्बांनी त्यालाही तिथे नेले. आत वाकून तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे उन्हाळ्यातपण आपल्याकडं पाणी असतं!"

नेहमी असतेच असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये केज तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात मी धनेगावला गेलो होतो. तळाच्या भेगाळलेल्या मातीवर लोक चालत होते. ते धरण बघायलाही माणसे आली होती, अगदी मुलाबाळांसकट. चादर बघायला येतात तशीच ती गप्प उभी होती. त्याच वर्षी परतीच्या पावसात धरण भरले आणि तीच माणसे पुन्हा तिथे गेली.

आता दळणवळण वाढले आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला पहिली रेल्वेगाडी सुरू झाली. आमच्या घरातल्या पोरांना सध्या कुठलाच धबधबा नको. त्यांना अहिल्यानगरपर्यंत आगगाडीने जायचे असते आणि लगेच त्याच गाडीने परत यायचे असते.

दोस्त, त्याचा मुलगा आणि सून यंदाही ऊसतोडणीला गेले आहेत. नात चौथीत आहे. ती या वेळी शाळेसाठी आजीजवळ गावातच राहिली आहे. परवा रात्री दोस्ताचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज चालू होता, त्यामुळे ओरडून बोलत होता. "सौताडा तिनं बघितलाय," तो म्हणाला. "हुरडा तिची आजी खाऊ घालंल. धारूर राहिलंय बघ. तू रिकामा झालास की घेऊन जा. आणि सीताफळं संपायच्या आत जा."

रविवारी निघायचे ठरले आहे. पाटोद्याहून येणारी पहिली एस.टी. सकाळी किती वाजता बीडला पोचते, तेवढे विचारायचे राहिले आहे.