कॅपची कड

४ मे
परवा गावठाणात भाच्याची हळद झाली. आज फोटो आले. लग्नाची गाणी सांगणाऱ्या धवलारणीच्या मागे बसून मी धवला ओढतेय, तोंड हे एवढं उघडं, आणि वरच्या पुढच्या दाताच्या मुळाशी काळी रेघ! जाऊबाईंनी लगेच विचारलंच, "मिश्री सुरू केलीस काय गं?" मिश्री आमच्या आजीची. मी कधी हात लावला नाही.

६ मे
कोपरखैरण्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. आकडीसारखं टोकदार हत्यार त्यांनी रेघेवरून हळूच फिरवलं. कुठे अडकलं नाही. "काकू, कीड नाही. ही कॅपच्या आतल्या धातूची कड आहे." म्हणजे आत धातूची टोपी, वरून चिनी मातीचा पांढरा थर. २००१ साली रूट कॅनलनंतर ती बसवली, तेव्हा कड हिरडीखाली दडलेली होती. आता हिरडीच दोन मिलिमीटर वर गेली. कॅप जागच्या जागी आहे. रेघेच्या वर पिवळट दिसतं ते मूळ. त्यावर इनॅमल नसतं, म्हणून कीड तिथे लवकर धरते. नस काढलेली, तेव्हा हा दात मुका. शेजारच्याला मात्र माठातलं पाणीही झोंबतं.

एक्स-रे साफ.

७ मे
आज परत बाईंकडे गेले. मला आपली घाई, पुढच्या लग्नाआधी नवी झिरकोनियाची कॅप हवी. ती आतूनबाहेरून पांढरी असते. पण जुनी कापून काढावी लागते, आणि आतला दात किती उरलाय ते तेव्हाच कळतं. टाळूचा तुकडा घेऊन हिरडीला ठिगळ लावतात, तेही विचारलं. ते मुळाला धरतं, कॅपला नाही. बाई म्हणाल्या, हिरडी अजून सरकत असेल तर नव्या कॅपची कडही उघडी पडेल; तीन महिने थांबा, परत मोजू. मग पर्समधला माझा ब्रश बघायला मागितला. खराटा झालेला, केस चहूकडे वाकलेले. तव्यासारखे दात घासत होते मी, दुसरं काय!

२७ मे
मऊ ब्रश, पेन्सिलीसारखा धरून, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे. पहिले चार दिवस तोंड धुतल्यासारखंच वाटेना. कडेला बारीक ब्रश वेगळा. माठाचं पाणी अजून झोंबतं, पण कमी.

जुना ब्रश जाऊबाईंनी मंगळसूत्र घासायला नेला.