दहा आठवडे आधी आलेली पाहुणी

2023 चा अधिक श्रावण. नाशिकच्या त्या घरी लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला आले होते. अनारशाचे तांदूळ भिजत पडले होते. लेकीचे डोहाळजेवण नुकतेच थाटात पार पडलेले, सातवा संपत आलेला. रात्री दोन वाजता तिने आईला हलवून उठवले, "आई, पाठीत कसंतरीच होतंय गं." आणि उजाडायच्या आत मुलगी जन्मलीसुद्धा! पूर्ण दिवसांच्या दहा आठवडे आधी. वजन 1 किलो 280 ग्रॅम.

"सातमाशी जगतं हो, आठमाशीचा भरवसा नसतो," दवाखान्याच्या जिन्यात कुणीतरी म्हणाले. हेतू धीर देण्याचाच होता. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येणारे हे वाक्य मात्र साफ चुकीचे आहे. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या पदरात काही ना काही टाकतच असतो. आठव्या महिन्यातल्या बाळाची बाजू सातव्यातल्यापेक्षा भक्कमच असते.

लेकीने पहिल्या दिवशी डॉक्टरांना एकच विचारले, "जगेल ना?" दुसऱ्या दिवशी काचेच्या पेटीतला तो मूठभर जीव पाहिल्यावर तिच्या तोंडून दुसरा प्रश्न निघाला, तोही अर्धाच. "डॉक्टर, तिची बुद्धी..." पुढचे शब्द तिला उच्चारवले नाहीत.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि तिला समजेल अशा भाषेत सांगायला सुरुवात केली. साडेपाच महिन्यांच्या गर्भाचा मेंदू वरून जवळजवळ गुळगुळीत असतो. अक्रोडाच्या गरासारख्या घड्या त्यावर पडतात त्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. 34 व्या आठवड्यातसुद्धा मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे 65 टक्केच भरते. म्हणजे एक तृतीयांश वाढ शेवटच्या दीड महिन्यातली! मेंदूच्या बहुतेक पेशी त्याआधीच तयार झालेल्या असतात. या काळात जुळतात ते पेशींमधले धागे. विजेच्या तारेवर असते तसे वेष्टनही काही धाग्यांवर चढू लागते. "हे काम थांबलेलं नाही," डॉक्टर म्हणाले, "फक्त जागा बदलली आहे. पोटात व्हायचं ते आता इथे होईल."

तिसऱ्या दिवशी बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी झाली, तीही टाळूतून. ज्या टाळूवर आजीने रोज तेल घालण्याचे बेत केले होते, तीच डॉक्टरांची खिडकी झाली. तिथे हाड जुळलेले नसल्याने आतले दिसते. एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील पोकळ्यांच्या काठाशी अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्तदाब किंवा श्वास वरखाली झाला तरी त्या फुटू शकतात आणि असा रक्तस्राव झालाच तर तो बहुधा पहिल्या तीन दिवसांत होतो. या बाळाला डावीकडे किंचित झाला होता. सर्वांत सौम्य प्रकारचा. तो बहुतेक वेळा आपोआप विरून जातो, असे सांगताना डॉक्टरांनी हेही सांगितले, "पण मी आज लिहून देणार नाही. दोन वर्षं तिला पाहत राहावं लागेल." खोट्या दिलाशापेक्षा हे बरे. तरीही त्या रात्री त्या घरात कुणी जेवले नाही.

सहाव्या रात्री आजीने घरीच देवापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सटवाई बाळाच्या कपाळी लिहायला येते ना! पण बाळ घरात नाही, तर ती लिहिणार कुठे? हा प्रश्न तिने जावयालाही विचारला. तो बिचारा काय उत्तर देणार?

लिहिणे मात्र दवाखान्यातच चालले होते आणि त्यात आवाज, उजेड, स्पर्श या सगळ्यांचा हात होता. पोटातल्या अंधारात बाळ आईचा आवाज आणि तिच्या हृदयाचे ठोके ऐकते. इथे यंत्रांची टीटी आणि डोळ्यांवर दिवे. एकदा कुणीतरी पेटीवर औषधाची बाटली ठेवली, तर सिस्टर केवढ्या रागावल्या! बाहेर खुट्‌ वाजले तरी आत दणका बसतो. पेटीवर जाड कापड असे. लंगोट बदलणे, ताप मोजणे, दूध देणे ही कामे त्या शक्यतो एकाच वेळी उरकत, कारण अशा बाळाचा मेंदू झोपेतच खूप काही रचत असतो आणि ती झोप मोडू द्यायची नसते.

मग एका सकाळी सिस्टर म्हणाल्या, "ताई, ब्लाउजची बटणं काढा आणि आरामखुर्चीत बसा." लेक घाबरली. "माझ्या हातून काही झालं तर?" टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावरच ते बाळ, नळ्यांसकट, तिच्या छातीशी उभे ठेवून कापडाने बांधले गेले. मान एका कुशीला, कातडीला कातडी. थोड्या वेळाने समोरच्या पडद्यावरचे आकडे स्थिर झाले. बाळाचे आणि तिचेही रडे थांबले.

कांगारूसारख्या या पद्धतीचा जन्म गरजेतून झाला. कोलंबियातील बोगोटा शहरात 1978 साली एका सरकारी प्रसूतिगृहात पेट्या अपुऱ्या होत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळे असत आणि संसर्गाने दगावत. डॉ. एडगर रे यांनी बाळे आयांच्या छातीशी बांधली. पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ त्यांना येऊन मिळाले. ही गरिबांची पेटी, असे पुष्कळांना वाटले. पण तिथल्याच डॉक्टरांनी अशा मुलांची वीस वर्षांनी पाहणी केली. ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. छातीशी वाढलेली मुले शाळा कमी बुडवत होती, त्यांच्यात चंचलपणा आणि आक्रमकपणा कमी होता आणि मेंदूचे काही भाग आकाराने मोठे होते. भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असे धरल्यास मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून जन्मल्याबरोबर, दिवसाचे 8 ते 24 तास असे धरण्यास सांगते.

आठ तास एकटी आई कशी बसणार? मग जावयाची पाळी आली. सासूबाई डबा घेऊन आल्या, तर काचेपलीकडे जावईबापू शर्ट उघडा टाकून बसलेले! त्यांनी चटकन पाठ फिरवली. चार दिवसांनी त्याच सिस्टरला विचारत होत्या, "मला चालेल का हो?" चालते. आजीही चालते.

पुढे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी 1987 ते 1989 या काळातील दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती, पण सोबतच्या मुलांपेक्षा कमी भरली. गणित-वाचनात काही मुले अडखळत होती. आईचे शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचाही बुद्धीच्या वाढीवर परिणाम दिसला. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत, बाळाशी बोलायचे, गाणी म्हणायची आणि मागे पडते आहे असे वाटले तर "होईल हळूहळू" म्हणत बसायचे नाही.

पण मागे पडते आहे हे ठरवायचे कोणत्या वयावरून? दवाखान्यातून घरी जाताना डॉक्टरांनी फाइलवर दोन तारखा लिहिल्या होत्या. एक जन्माची, दुसरी ऑक्टोबरमधली, जन्म व्हायला हवा होता ती. दोन वर्षांची होईपर्यंत तिची प्रगती दुसऱ्या तारखेपासून मोजायची.

पुढच्या मार्चमध्ये मायलेकी नाशिकला आल्या. शेजारच्या काकू डोकावल्या. "सात महिन्यांची ना गं? आमचा नातू सातव्यात बसायला लागला होता. ही अजून लोळतेच आहे!"

लेकीचा चेहरा उतरला. आजी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"सात नाही हो," त्या म्हणाल्या, "पावणेपाच. फाइल दाखवू का?"