आवाजाच्या पुढचं विमान

उन्हाळ्यातल्या रात्री माळवदावर अंथरूण टाकून पडलं, की केव्हातरी वरून तो आवाज येतोच. आधी तो आवाज आहे असं वाटतच नाही, नुसतं आभाळ जड झाल्याची जाणीव होते. मग हळूहळू त्याला दिशा येते, खोली येते, आणि अंगाखालच्या वाकळेपर्यंत तो घुमारा उतरल्यासारखा वाटतो. मान आपोआप त्या बाजूला वळते. तिथे फक्त चांदण्या असतात. लुकलुकता दिवा केव्हाच पुढे, बार्शीच्या अंगाला सरकलेला असतो.

आजी म्हणायची, "आवाजाकडं नगं बघू लेकरा, त्येच्या म्होरं बघ."

पस्तीस हजार फूट म्हणजे जवळपास 11 किलोमीटर, आणि तेवढ्या उंचीवरून आवाज खाली पोचायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो; तोवर विमान सात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आजीला हे आकडे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिचा हिशोब डोळ्यांनी केलेला होता, आणि तो चुकत नसे.

नकाशावर मुंबईपासून हैदराबादपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती परंडा तालुक्याच्या जवळून जाते. आमच्या सोनारीत त्या रेघेचं कुणाला अप्रूप नाही. इथं लोक येतात ते काळभैरवनाथाला, चैत्रातल्या यात्रेला. देवळाच्या शिखरावर, भिंतींवर, पत्र्यांवर माकडांचं राज्य, आणि ती देवाची म्हणून त्यांना कुणी दगड मारत नाही. विमानं मात्र या सगळ्यावरून न थांबता जात राहतात. इतकी वर्षं ती माझ्यासाठी फक्त आवाज होती. त्यांना नावं, उंची, वेग असतो आणि ती हे सगळं स्वतःच, अखंड सांगत असतात, हे कळलं ते पुतण्यानं माळवदावर अँटेना उभी केली तेव्हा.

अँटेना म्हणजे तरी काय, तांब्याच्या तारेचा जेमतेम सात सेंटिमीटरचा तुकडा. विमानं 1090 मेगाहर्ट्झवर बोलतात, त्या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा पाव भाग तेवढाच भरतो. खाली संगणकाला जोडलेली पेनड्राइव्हएवढी टीव्हीची डबी; टीव्ही दाखवण्यासाठी बनवलेली ही स्वस्त वस्तू जवळपास कुठलाही रेडिओ ऐकू शकते, हे 2012 च्या सुमाराला हौशी लोकांच्या ध्यानात आलं आणि जगभरच्या गच्च्यांवर अशा तारा उभ्या राहिल्या. सिसिलीतल्या साल्व्हातोरे सानफिलिप्पो या प्रोग्रामरनं लिहिलेला 'डम्प 1090' आमच्या माळवदाखालच्या खोलीत रात्रंदिवस चालतो, याची मला अजूनही गंमत वाटते.

पहिल्या दिवशी यादीत विमानं भराभर आली. उंची आली, वेग आला. नकाशा मात्र कोरा. पुतण्या रात्री उशिरापर्यंत तारा हलवत बसला. सकाळी उलगडा झाला. अक्षांश आणि रेखांशाच्या रकान्यांची अदलाबदल झाली होती. 18 च्या जागी 75, 75 च्या जागी 18. त्या हिशोबानं आमचं घर नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात होतं. बिचारं यंत्र प्रामाणिक. आपण ध्रुवाजवळ आहोत आणि कुणीतरी विमान सोलापुरावर आहे म्हणतंय, इतक्या लांबचं ऐकू येणं शक्य नाही, म्हणून ते प्रत्येक जागा नाकारत होतं.

विमानाच्या बोलण्याची रीत मला फार आवडते. एका निरोपात ते आपला पुरता ठावठिकाणा देत नाही. आभाळाच्या कुठल्यातरी चौकटीत मी अमुक जागी आहे, एवढंच सांगतं; चौकट कोणती, ते नाही. मग लगेच दुसरा निरोप, किंचित वेगळ्या मापाच्या चौकटींचा. एक सम, एक विषम. दोन्ही एकमेकांवर ठेवले की जुळणारी एकच जागा उरते. पण जोडी ताजी हवी. दोन निरोपांत दहा सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं तर ती सोडून द्यायची. शिळी जोडी जुळवली, की हैदराबादकडे निघालेलं विमान क्षणभर अरबी समुद्रावर उडी मारतं आणि परत येतं. पडद्यावर एक लांब, सरळ, अशक्य रेघ उमटते. पुतण्या ती पुसून टाकतो. मी असतो तर ठेवली असती.

पडद्यावर येणारी भुतं, म्हणजे नसलेली विमानं, तर अगदी वेगळी. 112 बिटांचा एक निरोप, सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात संपणारा. त्यातले शेवटचे 24 बिट फक्त पडताळणीचे. हिशोब जुळला नाही तर निरोप टाकून द्यायचा. पण यंत्राला एखादा बिट दुरुस्त करून घेण्याची मुभा दिली, तर कधीकधी गोंगाटातूनच ते एखादं विमान घडवतं. आपल्या देशातल्या विमानांचे संकेतांक बहुधा 80 नं सुरू होतात. मध्येच भलत्याच मुलुखाचा अंक घेऊन एक येतं, उंची नाही, वेग नाही, नाव नाही. एकदाच बोलतं. नाहीसं होतं.

जवळच मोबाइलचा टॉवर आहे. त्याच्यापुढे विमानांचं बोलणं म्हणजे मांडवात डीजे लागलेला असताना पलीकडच्या पंगतीतली कुजबुज ऐकण्याचा प्रकार. पुतण्या रिसीव्हरची ताकद वाढवत गेला, आणि विमानं कमीच होत गेली. शेवटी त्यानं ती कमी केली. यादी भरली. जास्त ऐकायचं तर कान थोडा बंद करावा लागतो, हे काही मला लवकर पटलं नाही.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर सगळंच क्षीण झालं. पुतण्यानं केबलचा जोड उघडला तेव्हा मी शेजारी होतो. टेप सोलली, पितळी कड फिरवली, आतून थेंबभर पाणी ओघळून त्याच्या अंगठ्यावर आलं. मधल्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर, जाळीच्या तारा काळवंडलेल्या, आणि ओल्या धातूचा तो आंबट वास. तेवढ्या थेंबानं शेकडो किलोमीटरचं आभाळ गिळलं होतं. तार नव्यानं सोलून त्यानं टेप खालून वर गुंडाळली, म्हणजे पाणी पदरावरून घसरतं. ही युक्ती त्याला शेतातल्या मोटारीच्या केबलनं शिकवली.

त्या पावसाकडे बघताना आठवतात ती दुसरीच विमानं. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापुरातून ढगांवर प्रयोग केले होते, पर्जन्यछायेतल्या या मुलखासाठीच. तेव्हा आवाज आला की पारावरची माणसं बोलणं थांबवत. "पावसाचं का रं?" कुणीतरी विचारी. कोणतं विमान पावसासाठी ढगांत मीठ पेरणारं आणि कोणतं नुसतं प्रवासी नेणारं, हे कानाला कळायचा मार्ग नव्हता. आज पडद्यावर ते कळलं असतं. पण त्या क्षणी आशा सगळ्याच आवाजांना सारखी लागलेली होती, आणि ते बरं होतं असं मला वाटतं.

यंदा नवाच घोळ. फाल्गुनात पूर्वेकडची विमानं लांबवर दिसत होती; वैशाख लागला आणि ती आधीच तुटू लागली. केबल ठीक, जोड कोरडा, डबी बदलून पाहिली. बालाघाटाचे डोंगर तर पूर्वीही तिथेच होते. मग लक्षात आलं, आडवा येतोय तो वाड्यालगतचा कडुलिंब. शिशिरात पानं झडलेली असतात तेव्हा लहरी आरपार येतात. चैत्रात पालवी दाटली, की तो हिरवा भार त्यांना शोषून घेतो. पुतण्यानं फांदीकडे नुसतं पाहिलं, तेवढ्यात वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "लिंबाला हात लावायचा नाही."

बोअरचा उरलेला जीआय पाइप मिळाला, तो उभा करून अँटेना शेंड्यावर नेली. पूर्व पुन्हा उघडली. मग माकडं पाइपावर चढून तार वाकवू लागली, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, पाइपला ग्रीस फासतो."

"भैरोबाच्या माकडाला घसरवणार का रे?" वहिनींनी खालून विचारलं.

ग्रीसचा डबा अजून तसाच आहे. वाकलेली तार पुतण्या आठवड्याला सरळ करतो.