मिसरी आणि मिश्री

माणूस मूळचा कुठला, हे त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या दात घासण्यावरून लवकर कळते, असे आमचे एक जुने सहशिक्षक गमतीने म्हणत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. माझे लहानपण इंदूरच्या मल्हारगंजात गेले. नावावरूनच होळकरांची आठवण करून देणारी ही जुनी वस्ती. एकाच गल्लीत मराठी, माळवी, गुजराती आणि मारवाडी बिऱ्हाडे. सकाळी नळावर गर्दी झाली की कुणाच्या तोंडात कडुनिंबाची काडी, कुणाच्या हातात गोवरीची राखुंडी, कुणाच्या तळहातावर लाल मंजन. टूथपेस्टची ट्यूब फक्त नोकरदारांच्या घरी, आणि तीही शेवटी लाटण्याने लाटून रिकामी केली जाई.

मराठी घरांत यांखेरीज आणखी एक वस्तू असे, ती म्हणजे मिसरी. कोकणातले लोक तिला मशेरी म्हणतात. काळा तंबाखू तव्यावर भाजायचा, पार काळा झाला की कुस्करून त्याची पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. तवा चढला की त्या खकाण्याने सगळी गल्ली खोकायला लागे.

आमच्या काकूंचे माहेर निपाणीकडचे. तंबाखूचाच मुलूख. लग्न होऊन माळव्यात आल्या तेव्हा रुखवताबरोबर मिसरीची डबीही आली. त्या काळी आमच्या शेजारच्या माळवी सेठाणींनी एकदा दारातूनच हाक मारली होती, "बहू, सुना है तुम्हारे यहाँ मिश्री है. थोड़ी हमें भी दो, भोग लगाना है." हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर, बाळकृष्णाला लोण्याबरोबर देतात ती. काकूंनी डबी उघडून दाखवली आणि दोघीही पोट धरून हसल्या. हा किस्सा आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षे पाहुण्यांना सांगितला जात असे.

सीमाभागातल्या वाचकांना असल्या गमती नव्या नाहीत. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांच्या घरी एकाच शब्दाचे दोन अर्थ सुखाने नांदतात. पण मराठीचा मास्तर म्हणून मला पुढे या शब्दाची दुसरी बाजू दिसली, आणि ती हसण्यासारखी नव्हती.

पन्नाशी उलटल्यावर काकूंच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा उठला. आधी तिखट सोसेना, मग तोंड पुरते उघडेना. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो होतो. त्यांनी विचारले, "माँजी, तम्बाकू खाती हैं?" काकूंनी ठामपणे मान हलवली, "छे! जन्मात कधी तोंडात घातला नाही." यात खोटेपणा तिळमात्र नव्हता. तंबाखू खाणारे म्हणजे पारावर बसून चुना मळणारे पुरुष, ही त्यांची समजूत. त्या तर फक्त दात घासत होत्या. सकाळी एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा, रात्री निजताना एकदा; प्रत्येक वेळी पाव तास बोट हिरडीवर. मी मध्ये पडून "मिसरी लावतात" असे सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. मिसरी म्हटल्यावर त्यांनाही आधी खडीसाखरच वाटली होती! ऑपरेशन झाले, सिकाई झाली. दीड वर्षाने काकू गेल्या.

एका माणसाच्या आजाराचे खापर एका वस्तूवर फोडणे शास्त्राला धरून होत नाही, हे मला कळते. पण मिसरीविषयी शास्त्राने जे सांगितले आहे ते स्पष्ट आहे. धूर न काढता वापरला जाणारा तंबाखू माणसाला कर्करोग करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे. तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची घातक द्रव्ये मुळातच असतात. तो तव्यावर जाळला की बेंझोपायरीनसारखी, धुरात सापडणारी द्रव्येही त्यात उतरतात. म्हणजे विडी न ओढता विडीतले बरेच काही हिरडीवर चोळले जाते. थुंकले की गेले, ही समजूतही खरी नाही. तोंडाची आतली त्वचा इतकी पातळ असते की निकोटिन तिच्यातून थेट रक्तात जाते. मिसरीने "पोट साफ होते" आणि "दाताचा ठणका थांबतो" असे बायका सांगतात, तो या निकोटिनचाच प्रताप. दुसऱ्या दिवशी ती नाही लावली तर डोके का धरते, त्याचे उत्तरही तेच.

आणि ही गोष्ट लावणाऱ्या बाईपुरतीच राहत नाही. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि जन्मलीही काही दिवस आधी. या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी मिसरी लावणाऱ्या होत्या. ज्या बाळाला दातच आलेले नाहीत, त्याच्या वाट्याला आईच्या दंतमंजनाचा हिशेब येतो.

सरकारने याची दखल घेतली नाही असे नाही. ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी झाली. त्यापूर्वी तंबाखूमिश्रित मंजने आयुर्वेदाच्या नावाने उघड विकली जात. काही उत्पादक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण १९९७ साली न्यायालयाने लोकांच्या आरोग्याचा विचार करून बंदी कायम ठेवली. तरीही २०११ साली दिल्लीत झालेल्या तपासणीत काही पेस्ट आणि मंजनांत निकोटिन सापडल्याच्या बातम्या आल्या. गुटख्यावर बंदी घालण्यात आमचा मध्य प्रदेश २०१२ साली देशात पहिला, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु घरच्या तव्यावरच्या मिसरीला कोणती अधिसूचना अडवणार? छत्तीसगडात हीच वस्तू गुळाच्या मळीत कालवून गुडाखू होते, बिहारात गुल, गुजरातेत बजर. नाव बदलले, डबी बदलली, बोट तेच आणि हिरडी तीच.

याचा अर्थ बाजारातली प्रत्येक ट्यूब अमृताची, असे मात्र कुणी समजू नये. लाल मंजनाचा लाल रंग बहुधा गेरूचा असतो. गेरू, राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी हे सारे खरखरीत पदार्थ. त्यांनी दात चकचकीत दिसतात खरे, पण वर्षानुवर्षे घासून वरचे कवच झिजते आणि गार पाणी लागले की कळ मस्तकात जाते. पेस्टला फेस आणणारा पदार्थ काहींच्या तोंडात छाले उठवतो; फेस जास्त म्हणजे दात स्वच्छ, असे काही नाही. फ्लोराइडने दात किडण्याचे कमी होतात हे सिद्ध आहे, म्हणून ते सरसकट वाईट नव्हे. पण आपल्याकडे पेस्टमध्ये त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १००० भागांवर असू नये, असा नियम आहे. लहान मूल पेस्ट गिळते, म्हणून त्याच्या ब्रशावर वाटाण्याएवढीच, आणि अगदी लहानाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यावी.

आमच्या शेजारच्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांत काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिकडची मुले शाळेत येतात तेव्हा काहींच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात. घरची माणसे ते घाणीचे डाग समजून राखुंडीने, कधी मिसरीने खसाखसा घासायला लावतात. ते डाग दात घडतानाच आत बसलेले असतात; घासून जात नाहीत. जाते ते दाताचे कवच, आणि लागते ती सवय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत दंततपासणीचे शिबिर झाले. तरुण डॉक्टरीणबाई प्रत्येक मुलीला विचारत होत्या, "तम्बाकू तो नहीं खाती?" सगळ्या "नहीं मॅडम" म्हणून पुढे सरकत. मी त्यांना सुचवले, हा प्रश्न असा विचारू नका, "दात कशाने घासतेस, आणि आई कशाने घासते?" असे विचारा. मिसरी, मशेरी, गुल, तपकीर ही नावे मी फळ्यावर लिहून दिली. त्यानंतर आठवीतली एक मुलगी थबकली आणि हळूच म्हणाली, "आजी लावते. दाढ दुखली की मलाही लावून देते." तिच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता. नसावाच. आजीने मायेनेच लावली होती.

त्या आजींना आम्ही शाळेत बोलावले. रागे भरलो नाही. डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात देऊन त्यांना स्वतःच्याच गालाची आतली बाजू दाखवली. नातीची किडलेली दाढ रीतसर भरून घेतली. ठणका थांबला, तशी मिसरीची गरजही उरली नाही. आजींची स्वतःची मात्र अजून पुरती सुटलेली नाही. तीन वेळांवरून एका वेळेवर आली आहे. साठ वर्षांचे निकोटिन एका उपदेशाने उतरत नाही. त्याला वेळ, औषध आणि घरच्यांचा धीर लागतो.

वाचकहो, या दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या पहाटे न्हाणीघराच्या कोनाड्यात काय काय ठेवलेले आहे ते एकदा पाहा. ट्यूब असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. डबी असेल आणि तिच्यावर काहीच लिहिलेले नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला मायेने विचारा, "हे काय आहे?" ती "मंजन" म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका. ते कशाचे आहे, हेही विचारा. आणि दोन आठवड्यांत न बरा होणारा छाला किंवा पांढरा-लाल चट्टा तोंडात दिसला, तर सण उरकण्याची वाट पाहू नका.