बुडालेल्या झाडांवरची मासेमारी

गळाने मासे धरण्यावरचे इंग्रजी लेखन मी काही काळ आवडीने वाचत असे. अमेरिकी लेखकांच्या या पुस्तकांत ‘बास’ या माशाला जवळजवळ नायकाचे स्थान असते. मोठ्या धरणांच्या जलाशयात बुडालेल्या झाडांच्या आडोशाला तो दबा धरून बसतो. त्यामुळे पाण्याखालची खोडे नेमकी कुठे आहेत हे हेरणे, हेच तिथल्या शिकाऱ्याचे कसब. टेक्सासमधल्या लेक फोर्क या जलाशयात १९८०च्या सुमारास पाणी साठवताना पुष्कळशी झाडे मुद्दाम तशीच उभी ठेवली गेली, आणि पुढे तो जलाशय या माशासाठीच नावाजला गेला. ती झाडे त्याआधी कोणाची होती, असा प्रश्न वाचताना मला एकदाही पडला नाही, हे आता नोंदवायला हवे.

तो पडला अक्राणी तालुक्यात, सरदार सरोवराच्या फुगवट्यावर. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली ३३ गावे या धरणाने बाधित झाली. मणिबेलीपासून सुरू झालेली ही बुडिताची गोष्ट २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाल्यावर आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचल्यावर कागदोपत्री संपली. आपले साहित्यही साधारण तिथेच थांबते. ‘झाडाझडती’सारखी कादंबरी विस्थापनाची यातना समर्थपणे मांडते, पण पाणी चढल्यानंतर काठावर उरलेला माणूस त्या पाण्याचे काय करतो, याविषयी मराठीत फारसे वाचल्याचे मला आठवत नाही. तो मासे धरतो.

मी ज्यांच्या नावेत बसलो ते काका पावरा. त्यांच्या वडिलांना नदीतली मासेमारी येत होती: कुठल्या खडकामागे वाम सापडते, पहिल्या पुराला मासा कुठल्या ओढ्यात चढतो. हे ज्ञान वाहत्या पाण्याचे होते. पाणी थांबले आणि ते निरुपयोगी झाले. महसीरला वाहते पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. कटला, रोहू, मृगळ साचल्या पाण्यात वाढतात खरे, पण अंडी घालायला त्यांनाही पावसाळी प्रवाहच हवा. म्हणून जलाशयात मत्स्यबीज बाहेरून आणून सोडावे लागते. (हे बीज संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन तयार करण्याची युक्ती हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी १९५७ साली ओडिशात यशस्वी केली. आपल्या ताटातल्या रोहूमागचा हा इतिहास आपण सहसा विचारात घेत नाही.) शिवाय खोल पाण्याला नाव लागते, नायलॉनचे जाळे लागते. नदीत उतरायला यातले काहीच विकत घ्यावे लागत नव्हते. काकांचे जाळे उधारीचे होते.

संध्याकाळी जाळे लावताना डाव्या हाताला एक शांत खाडीसारखी जागा दिसली. माझ्यातला पुस्तकी शिकारी जागा झाला. मी म्हणालो, “काका, इथे का नाही टाकत? मासा इथेच असणार.”

“असणारच,” ते म्हणाले. “पण इथे आमची महूची झाडं आहेत, सर. जाळं फाटतं.”

‘होती’ नव्हे, ‘आहेत’. बोलणे पावरी वळणाच्या मराठीत चालले होते, तेव्हा काळ चुकला असेल असे मी आधी समजलो. पण ते तसे नव्हते. पुढच्या तासाभरात त्यांनी वल्ह्याने दाखवत सांगितले: इथे शेताचा बांध आहे, इथे भावाचे घर आहे, इथून वाट वर जाते. व्याकरण बरोबर होते. उन्हाळ्यात पाणी उतरले की काळी खोडे खरोखरच वर येतात आणि गाळपेरासाठी कुठे कुठे थोडी जमीन उघडी पडते. टेक्सासचा शिकारी जे यंत्राच्या पडद्यावर शोधतो, ते इथे माणसाच्या डोक्यात आहे. फरक एवढाच, की त्या ज्ञानाचा उपयोग तो मासा गाठायला करतो आणि काका जाळे वाचवायला.

मी विचारले, खोडे कापून टाकली तर? त्यांनी उत्तर दिले नाही. बहुधा प्रश्नच गैरवाजवी होता.

पहाटे जाळे ओढले. तीन कटला निघाले, एक मरळ, आणि आसेत अडकलेली कुजक्या लाकडाची एक ढलपी. काकांनी ती निरखून पाहिली, “सागाची,” म्हणाले आणि नावेच्या तळाशी ठेवली.